वेस्ट पिअर, ब्रायटन

वेस्ट पिअर हा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन शहरात समुद्रात बांधलेला आणि आता भग्नावस्थेत असलेला लोखंडी पिअर आहे. अभियंता युजीनियस बर्च यांच्या आराखड्यानुसार उभारलेला हा पिअर ६ ऑक्टोबर १८६६ रोजी लोकांसाठी खुला झाला व १९७५ मध्ये बंद पडला. त्यानंतर सुमारे तीन दशके तो पाडावा की जतन करावा, याविषयी वाद चालू राहिला. १९८२ मध्ये त्याला संरक्षित वास्तूंमधील सर्वोच्च श्रेणी मिळाली, १९९८ मध्ये मोठे अनुदान जाहीर झाले. तरीही २००२ ते २००४ या काळातील वादळे आणि आगी यांत त्याचा बहुतेक भाग नष्ट झाला. वास्तूला मिळालेला कायदेशीर दर्जा आणि तिची प्रत्यक्ष देखभाल यांत किती अंतर असू शकते, याचे उदाहरण म्हणून या पिअरकडे पाहिले जाते.

संज्ञा

किनाऱ्यापासून समुद्रात खांबांवर नेलेल्या लांब, अरुंद बांधकामास इंग्रजीत पिअर म्हणतात. मराठीत यासाठी 'धक्का' किंवा 'जेटी' हे शब्द वापरले जातात. परंतु मुंबईच्या भाऊच्या धक्क्यासारखे धक्के प्रवासी व मासळी उतरविण्यासाठी असतात. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश पिअरांचा आरंभही बोटींच्या सोयीसाठी झाला असला, तरी लवकरच ती पाण्यावर चालत जाण्याची, वारा खाण्याची आणि करमणुकीची ठिकाणे बनली. असे सुमारे १०० पिअर ब्रिटनमध्ये बांधले गेले. त्यांपैकी साठच्या आसपास आज शिल्लक आहेत. या लेखात 'पिअर' हाच शब्द वापरला आहे.

पार्श्वभूमी

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रायटन हे मासेमारांचे गाव होते. समुद्राचे पाणी प्रकृतीस हितकारक असते, असा प्रचार डॉ. रिचर्ड रसेल यांनी केला आणि श्रीमंत मंडळी तेथे येऊ लागली. पुढे चौथा जॉर्ज झालेल्या युवराजाने तेथे मुक्काम ठेवला व जॉन नॅश यांच्याकडून भारतीय धाटणीच्या घुमटांचा रॉयल पॅव्हिलियन हा राजवाडा उभारून घेतला. १८४१ मध्ये लंडनहून रेल्वे आली आणि सामान्य लोकांनाही एका दिवसात समुद्र पाहून परतता येऊ लागले.

शहरातील पहिला पिअर, सॅम्युअल ब्राउन यांनी झुलत्या पुलाच्या पद्धतीने बांधलेला चेन पिअर, १८२३ मध्ये सुरू झाला होता. टर्नर आणि कॉन्स्टेबल या दोन्ही चित्रकारांनी त्याची चित्रे काढली आहेत. १८९६ मधील वादळात तो वाहून गेला. तिसरा, पॅलेस पिअर, १८९९ मध्ये खुला झाला व आजही चालू आहे. वेस्ट पिअर या दोहोंच्या मधल्या काळातला आहे.

रचना

युजीनियस बर्च (१८१८–१८८४) यांनी एकूण १४ पिअरांचे आराखडे केले. मार्गेट, ब्लॅकपूलचा नॉर्थ पिअर, ईस्टबोर्न, हेस्टिंग्ज हे त्यांतील काही. पिअरबांधणीकडे वळण्यापूर्वी कलकत्ता–दिल्ली रेल्वेमार्गाच्या कामाशीही त्यांचा संबंध आला होता.

बर्च यांच्या कामाचा पाया म्हणजे मळसूत्री खांब. आयर्लंडमधील अंध अभियंता अलेक्झांडर मिचेल यांनी शोधलेल्या या पद्धतीत ओतीव लोखंडाच्या खांबाच्या टोकाला रुंद पाती असतात आणि खांब ठोकण्याऐवजी फिरवून समुद्रतळात रुतवला जातो. त्यामुळे बांधकाम लवकर होई आणि लाटांना अडथळाही कमी होई. पूर्वीचे लाकडी खांब समुद्री किडे पोखरत असत. लोखंडाला तो धोका नव्हता. गंजाचा मात्र होता.

पिअरची लांबी सुमारे ३४० मीटर होती. मूळ बांधकामात मोठी इमारत नव्हती. रुंद तक्तपोशी, वाऱ्यापासून आडोसा देणाऱ्या काचेच्या भिंती, कोपऱ्यांवर छोटी सजविलेली दालने आणि सर्पांचे वेटोळे असलेले दिव्यांचे खांब, एवढेच त्याचे स्वरूप होते. हे सर्प रॉयल पॅव्हिलियनच्या सजावटीवरून घेतलेले होते. समुद्रावर मोकळेपणाने चालणे हाच येथील विरंगुळा होता. १८९३ मध्ये समुद्राकडील टोक रुंद करून त्यावर मोठा मंडप बांधण्यात आला. पुढे त्याचे नाट्यगृह झाले. १९१६ मध्ये पिअरच्या मध्यभागी क्लेटन आणि ब्लॅक या स्थानिक वास्तुविशारदांच्या आराखड्यानुसार संगीतसभागृह उभे राहिले. इतर पिअरांवर जुने पाडून नवे उभे राहत गेले. वेस्ट पिअरवर १९१६ नंतर फारसे मोठे बदल झाले नाहीत, आणि म्हणूनच जाणकारांच्या दृष्टीने तो मोलाचा ठरला.

उत्कर्ष आणि ऱ्हास

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पिअरवर वर्षाला सुमारे २० लाख लोक येत असत. वाद्यवृंदाचे कार्यक्रम, नाटके आणि टोकाच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या वाफेच्या बोटींच्या सहली ही मुख्य आकर्षणे होती. दुसऱ्या महायुद्धात शत्रूला उतरता येऊ नये, म्हणून पिअरच्या मधल्या भागातील तक्तपोशी काढून टाकण्यात आली. युद्धानंतर नाट्यगृह व संगीतसभागृह यांची जागा उपाहारगृह, चहागृह आणि खेळयंत्रांनी घेतली.

पुढील काळात सुट्टीसाठी परदेशी जाणे सामान्य ब्रिटिश कुटुंबांच्या आवाक्यात आले आणि किनाऱ्यावरील शहरांचे उत्पन्न घटले. पिअरचे अर्थकारण मुळात नाजूक असते. उत्पन्न उन्हाळ्यापुरते, तर गंज आणि लाटा बारमाही. एक-दोन हंगाम वाईट गेले की मालक प्रथम रंगकाम आणि जोडांची तपासणी पुढे ढकलतो. बचत लगेच दिसते, नुकसान दहा वर्षांनी. १९६५ मध्ये वेस्ट पिअर एका खासगी कंपनीकडे गेला. १९६९ साली प्रदर्शित झालेल्या 'ओह! व्हॉट अ लव्हली वॉर' या रिचर्ड ॲटनबरो यांच्या चित्रपटात तो ठळकपणे दिसतो. त्यानंतर वर्षभरात, १९७० मध्ये, समुद्राकडील टोक धोकादायक म्हणून बंद करावे लागले. ते टोक पाडण्याचा मालकांचा मनोदय होता.

पाडावे की जतन करावे

या मनोदयाला विरोध म्हणून 'आम्हाला वेस्ट पिअर हवा' अशा अर्थाच्या नावाची नागरिकांची मोहीम सुरू झाली. पिअर १९६९ मध्येच संरक्षित वास्तूंच्या यादीत आला होता, त्यामुळे परवानगीशिवाय तो पाडता येत नव्हता. दुसरीकडे दुरुस्तीचा खर्च कंपनीला झेपणारा नव्हता व नगरपरिषदही तो भार उचलण्यास तयार नव्हती. १९७५ मध्ये पूर्ण पिअर बंद झाला. कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि मालकी राजसत्तेकडे गेली. १९८३ मध्ये मोहिमेतून उभ्या राहिलेल्या वेस्ट पिअर ट्रस्टने तो १०० पौंडांना विकत घेतला. किंमत नाममात्र होती. खरा बोजा दुरुस्तीचा होता.

पाडण्याच्या बाजूचा मुख्य मुद्दा खर्चाचा व सुरक्षिततेचा होता. बंद पिअरचे सुटे भाग किनाऱ्यावर येऊन पडत. त्याखालून कोणी जाऊ नये याची काळजी घ्यावी लागे. शाळा, घरे आणि रस्ते यांना पैसा अपुरा असताना करमणुकीच्या एका जुन्या जागेवर कोट्यवधी पौंड का खर्च करावेत, हा प्रश्न करदात्यांच्या दृष्टीने रास्त होता. शिवाय शहरात एक चालू पिअर होताच.

जतनवाद्यांचे म्हणणे असे की, दोन्ही पिअर सारखे नाहीत. पॅलेस पिअर हा करमणुकीचा चालता व्यवसाय आहे. वेस्ट पिअर हा व्हिक्टोरियन अभियांत्रिकीचा जवळजवळ अखंड नमुना आहे. १९८२ मध्ये त्याला पहिल्या श्रेणीचा दर्जा मिळाला, तेव्हा हा दर्जा मिळालेला तो ब्रिटनमधील पहिला पिअर ठरला.

या दोन पक्षांशिवाय तिसरा पक्ष होता, तो म्हणजे काळ. वाद चालू असताना पिअर 'आहे तसा' राहील, असे दोन्ही बाजू नकळत गृहीत धरून चालल्या होत्या. दगडी देवळाबाबत किंवा किल्ल्याच्या तटाबाबत असे गृहीतक काही दशके चालून जाते. समुद्रातील लोखंडाबाबत ते चालत नाही. ओतीव लोखंडाचे खांब दाब चांगला सहन करतात व तुलनेने सावकाश गंजतात; पण त्यांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या घडीव लोखंडाच्या तुळया आणि ताण-सळ्या बारीक असतात. लाटांचे तुषार जेथे सतत ओले-कोरडे होत राहतात, त्या पट्ट्यात त्या सर्वांत लवकर झिजतात. एक जोड सुटला की शेजारच्या खांबावरचा ताण वाढतो. त्यामुळे अशी रचना वर्षानुवर्षे हळूहळू खचते आणि मग एखाद्या रात्रीत कोसळते.

कायद्यातील पोकळी

इंग्लंडमधील संरक्षित वास्तूंचा कायदा मुख्यतः निषेधात्मक आहे. मालकाने परवानगीशिवाय वास्तू पाडू नये, तिच्या स्वरूपात बदल करू नये, असे तो सांगतो. वास्तू सुस्थितीत ठेवलीच पाहिजे, अशी सर्वसाधारण सक्ती तो करीत नाही. स्थानिक परिषदेला दुरुस्तीची नोटीस बजावता येते आणि ती न पाळल्यास सक्तीने वास्तू ताब्यात घेण्याची प्रक्रिया सुरू करता येते. पण ताब्यात घेतल्यावर खर्च परिषदेच्या माथी येतो, म्हणून परिषदा हे पाऊल क्वचितच उचलतात.

वेस्ट पिअरच्या बाबतीत हा दोष आणखी ठळक झाला. नोटीस बजावण्याजोगा श्रीमंत मालकच उरला नव्हता. ट्रस्टला पिअर वाचवायचा होता, पण तिच्याजवळ पैसा नव्हता. परिणामी पहिल्या श्रेणीच्या दर्जामुळे पिअर पाडणे अशक्य झाले आणि पैशाअभावी तो वाचवणेही अशक्य राहिले. ऑक्टोबर १९८७ च्या वादळात त्याचे आणखी नुकसान झाले. १९९१ मध्ये सुरक्षिततेसाठी किनाऱ्यालगतचा भाग काढून पिअर जमिनीपासून तोडण्यात आला. या तोडण्याने लोकांचे रक्षण झाले, पण अग्निशमन दलाला आत जाण्याचा सरळ मार्गही उरला नाही. पुढे ही गोष्ट महागात पडली.

अनुदान आणि स्पर्धेचा आक्षेप

१९९०च्या दशकात राष्ट्रीय लॉटरीच्या उत्पन्नातून वारसास्थळांना निधी देण्यास सुरुवात झाली. १९९८ मध्ये वेस्ट पिअरसाठी सुमारे १ कोटी ४० लाख पौंडांचे अनुदान जाहीर झाले. उरलेला पैसा किनाऱ्यालगत नव्या व्यापारी इमारती बांधून उभा करावयाचा होता. येथे वादाला नवे वळण मिळाले. ज्यांना जुना पिअर हवा होता, त्यांपैकी अनेकांना त्याच्या तोंडाशी नव्या इमारती नको होत्या. पॅलेस पिअरच्या मालकांनी वेगळाच आक्षेप घेतला. सार्वजनिक पैशातून उभा राहणारा पिअर आपल्या खासगी व्यवसायाशी अन्याय्य स्पर्धा करील, असे त्यांचे म्हणणे होते. (याच सुमारास, २००० मध्ये, त्यांनी आपल्या पिअरचे नाव बदलून नुसते 'ब्रायटन पिअर' केले. शहरात दोन पिअर असताना केलेला हा बदल पिअरप्रेमींना रुचला नाही.)

आक्षेप अगदीच पोकळ होता असे म्हणता येत नाही. स्वतःच्या उत्पन्नातून पिअरची देखभाल करणाऱ्याला शेजारच्याला मिळणारे अनुदान खटकणे स्वाभाविक आहे. पण हरकती, आराखड्यांतील फेरफार आणि परवानग्या यांत चार वर्षे गेली, आणि नेमकी तीच वर्षे पिअरजवळ नव्हती.

कोसळणे

२९ डिसेंबर २००२ रोजी वादळात खांब निखळून संगीतसभागृह व मंडप यांना जोडणारा मार्ग समुद्रात पडला. २० जानेवारी २००३ रोजी संगीतसभागृहाचा मोठा भाग कोसळला. २८ मार्च रोजी टोकाच्या मंडपाला आग लागली. मधला मार्ग नाहीसा झालेला असल्यामुळे अग्निशमन दलाला तेथे पोहोचता आले नाही आणि १८९३ चा मंडप लोकांच्या डोळ्यांदेखत जळाला. ११ मे रोजी दुसरी आग लागून संगीतसभागृहाचे उरलेसुरले भागही नष्ट झाले. आगी मुद्दाम लावल्याचा संशय व्यक्त झाला, तथापि अवशेषांवर जाऊन तपास करणे धोक्याचे होते व कारण सिद्ध झाले नाही.

जानेवारी २००४ मध्ये लॉटरी निधीने अनुदान मागे घेतले. २३ जून २००४ रोजी जोरदार वाऱ्यात पिअरचा मधला भाग पूर्णपणे कोसळला. पुढच्याच महिन्यात इंग्लिश हेरिटेज या शासकीय संस्थेने पिअर दुरुस्तीपलीकडे गेल्याचे जाहीर केले. डिसेंबरमध्ये ट्रस्टनेही जीर्णोद्धाराचा प्रयत्न सोडला.

अनुदान मागे घेण्यामागे पैशाइतकाच तत्त्वाचाही प्रश्न होता. जळालेला मंडप नव्याने बांधला, तर ते जतन म्हणावे की प्रतिकृती? १८७७ मध्ये विल्यम मॉरिस आदींनी स्थापलेल्या प्राचीन वास्तू संरक्षण संस्थेपासून ब्रिटनमध्ये 'दुरुस्ती करा, पुनर्निर्मिती नको' असा विचार दृढ आहे. १९६४ ची व्हेनिस सनदही गमावलेल्या भागांच्या अनुमानावर आधारलेल्या पुनर्बांधणीस अनुकूल नाही. उलट बाजूने असे म्हणता येते की, पिअर ही मुळातच सुटे भाग बदलत चालणारी वास्तू आहे. तिच्या फळ्या, कठडे, तुळया कधी ना कधी बदललेल्याच असतात. याला उत्तर असे की, थोडे थोडे बदलण्यासाठी आधी काहीतरी उभे असावे लागते.

अन्य पिअरांशी तुलना

ब्रिस्टल खाडीवरील क्लीव्हडनचा पिअर (१८६९) याच काळात याच पेचातून गेला आणि वाचला. १७ ऑक्टोबर १९७० रोजी विम्यासाठी घेतलेल्या भारचाचणीत, पाण्याच्या टाक्यांच्या वजनाखाली, त्याच्या दोन कमानी कोसळल्या. स्थानिक परिषदेने तो पाडण्यासाठी अर्ज केला. १९८० मध्ये सार्वजनिक चौकशी झाली आणि जतनाच्या बाजूने निर्णय लागला. कवी जॉन बेट्जेमन हे या पिअरचे पुरस्कर्ते होते. सांगाडा उतरवून जवळच्या गोदीत नेण्यात आला, दुरुस्त करून परत बसविण्यात आला, आणि १९८९ मध्ये पिअर पुन्हा खुला झाला. टोकाचे काम १९९८ मध्ये पूर्ण झाले. क्लीव्हडनचा पिअर लहान व साधा होता, त्यावर नाट्यगृहे नव्हती, त्यामुळे खर्चाची तुलना सरसकट करता येत नाही. तथापि तेथे पाडण्याचा अर्ज उघडपणे झाला, त्याला उघडपणे उत्तर मिळाले आणि निर्णयाला मुदत होती. ब्रायटनमध्ये तसा निर्णायक क्षण आलाच नाही.

हेस्टिंग्जचा पिअर (१८७२) तर बर्च यांचाच. तो २०१० मध्ये बहुतांशी जळाला. लॉटरी निधी आणि सुमारे ३,००० लोकांनी घेतलेले समभाग यांतून तो पुन्हा बांधण्यात आला. जुन्या मंडपाची प्रतिकृती न करता मोकळे लाकडी पटांगण ठेवण्यात आले. २०१६ मध्ये तो खुला झाला व २०१७ मध्ये वास्तुकलेचा प्रतिष्ठेचा स्टर्लिंग पुरस्कार त्याला मिळाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिअर चालविणारी संस्था आर्थिक अडचणीत येऊन प्रशासकांच्या हाती गेली आणि २०१८ मध्ये पिअर खासगी मालकाला विकला गेला. पिअर बांधून पूर्ण झाला तरी तो रोज चालवण्याचा खर्च कोठून यायचा, हा प्रश्न उरतोच.

अवशेष आणि सद्यस्थिती

२०१० मध्ये किनाऱ्याजवळील उरलेले लोखंड काढून त्या जागी ब्रायटन आय३६० हा १६२ मीटर उंचीचा निरीक्षण-मनोरा बांधण्याची तयारी झाली. 'लंडन आय' रचणाऱ्या मार्क्स बारफील्ड या वास्तुविशारदांनी त्याला 'उभा पिअर' अशा कल्पनेतून आकार दिला. सुमारे ४ कोटी ६० लाख पौंड खर्चापैकी मोठा वाटा परिषदेच्या मार्फत मिळालेल्या सार्वजनिक कर्जाचा होता. जुन्या पिअरसाठी जी जोखीम घेण्याचे टाळले गेले होते, तीच येथे नव्या बांधकामासाठी घेतली गेली, ही गोष्ट टीकाकारांनी वारंवार निदर्शनास आणली. मनोरा ४ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झाला. अपेक्षेइतके प्रेक्षक न मिळाल्याने कर्जफेड रखडली आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो बंद पडला. २०२५ मध्ये नव्या मालकाने तो पुन्हा उघडला.

समुद्रातील सांगाडा फेब्रुवारी २०१४ च्या वादळात दुभंगला. तो मुद्दाम पाडलेला नाही आणि त्याची दुरुस्तीही केली जात नाही. अवशेष अद्याप संरक्षित यादीत आहेत व त्यांची मालकी ट्रस्टकडेच आहे. मूळ पिअरचे काही ओतीव लोखंडाचे खांब किनाऱ्यावर मांडून ठेवले आहेत. १८६६ च्या छोट्या दालनांपैकी एकाचे सुटे भाग ट्रस्टने जपून ठेवले असून ते किनाऱ्यावर पुन्हा उभारण्याची तिची योजना आहे.

हिवाळ्यात संध्याकाळी स्टार्लिंग पक्ष्यांचे प्रचंड थवे रातथाऱ्यासाठी या सांगाड्यावर उतरतात. महाराष्ट्रात थंडीत येणाऱ्या भोरड्यांच्या जवळच्या नात्यातले हे पक्षी आहेत. नोव्हेंबर ते मार्च या काळात त्यांच्या हवेतील कसरती पाहण्यासाठी किनाऱ्यावर गर्दी होते.